समुद्रातील सीमा कुठे असते? मालवणचे सागरी अभयारण्य आणि लोकांनी काढलेले नकाशे

१/२२
‘सागरी अभयारण्य’ हा शब्द थोडा थांबून वाचावा. अभयारण्य म्हणजे जिथे प्राण्यांना भय नाही असे अरण्य. समुद्रात अरण्य नसते, तरीही आपल्या भाषेने आणि कायद्याने समुद्राच्या संरक्षणासाठी अरण्याचाच शब्द उचलला. १३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने मालवणच्या समुद्राला हा दर्जा दिला. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. या क्षेत्राची सीमा पाण्यात नेमकी कुठून जाते आणि ती कोणाला ठाऊक असते, या प्रश्नाचा इतिहास पाहणारा हा धागा.

२/२२
आधी जागा. मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. बेटाभोवती पाण्याखाली लपलेले खडक होते आणि अनोळखी जहाजाला तिथून वाट काढणे कठीण होते. जे खडक किल्ल्याचे संरक्षण करीत, त्याच खडकांवर प्रवाळ, समुद्री शेवाळ आणि माशांची पिले वाढतात. अभयारण्याच्या ३.१८२ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि हे बुडालेले खडक येतात. उरलेले सुमारे २५.९४ चौरस किलोमीटर हे त्याभोवतीचे बाह्य क्षेत्र.

३/२२
अभयारण्य जाहीर होते ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली. त्याच्या कलम १८ नुसार अधिसूचनेत क्षेत्राचे स्थान आणि हद्द शक्य तितक्या नेमकेपणाने सांगावी लागते. मात्र त्याच कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे. रस्ते, नद्या, डोंगरधारा किंवा अशाच सर्वपरिचित, सहज समजणाऱ्या खुणांनी हद्द सांगितली तरी पुरे, असा त्याचा आशय. हेच स्पष्टीकरण १९२७ च्या भारतीय वन कायद्यातही जवळजवळ त्याच शब्दांत आढळते. ब्रिटिश काळात राखीव जंगलांसाठी घडवलेले वाक्य स्वतंत्र भारताच्या वन्यजीव कायद्यात आले आणि त्या कायद्याबरोबर समुद्रापर्यंत पोहोचले.

४/२२
जंगलात हे वाक्य चोख काम करते. ‘उत्तरेस ओढा, पूर्वेस डोंगराची धार, दक्षिणेस गाडीवाट’ एवढे सांगितले की गावातला गुराखीही हद्द पायाने चालून दाखवतो. वनखाते दगडी बुरूज उभारते, झाडांवर खुणा करते. समुद्रात ओढा नाही, धार नाही, गाडीवाट नाही. पाण्यात बुरूज उभा राहत नाही आणि तरंगता बोया पावसाळ्यात टिकेलच असे नाही. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने पूर्ण असलेली सीमा होडीतल्या माणसाला दिसतच नाही, अशी स्थिती निर्माण होते.

५/२२
याचा अर्थ समुद्रात सीमा हा नवा विचार आहे असे नव्हे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात परवान्यांची पद्धत लादली. त्या परवान्याला कार्ताझ म्हणत. कार्ताझ नसलेले जहाज पकडून लुटले जाई. मुघल साम्राज्यातून हजला निघालेल्या यात्रेकरूंच्या जहाजांनाही हा कागद घ्यावा लागे. या सत्तेची सीमा कोणत्याही नकाशावरच्या रेषेत नव्हती. पोर्तुगीज गलबत जिथे गाठेल तिथे ती सीमा प्रकट होई.

६/२२
पुढे कोकणच्या किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांनी हाच दंडक उलट फिरवला. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, ही त्यांची मागणी होती. मुंबईच्या इंग्रजांनी तिला चाचेगिरी म्हटले. मराठ्यांच्या बाजूने पाहता तो सार्वभौमत्वाचा हक्क होता. कार्ताझ असो वा दस्तक, दोहोंत एक गोष्ट समान होती. जहाजाच्या तांडेलाला सीमा कळे ती ती ओलांडल्यानंतर.

७/२२
याच काळात युरोपात या प्रश्नाचे ग्रंथ होत होते. १६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या प्रकरणातून ह्यूगो ग्रोशियसचे विवेचन जन्माला आले आणि त्यातला एक भाग १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने प्रसिद्ध झाला. पौर्वात्य समुद्रावर पोर्तुगिजांची मालकी असू शकत नाही, असा त्याचा दावा होता. १६३५ मध्ये इंग्लंडच्या जॉन सेल्डनने ‘मारे क्लाउसुम’, म्हणजे ‘बंदिस्त समुद्र’, लिहून विरुद्ध बाजू मांडली. पोर्तुगिजांची हिंदी महासागरातील मक्तेदारी अशा रीतीने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या एका मोठ्या वादाचे निमित्त ठरली.

८/२२
दोन टोकांमधला मार्ग तोफेने काढला. अठराव्या शतकाच्या प्रारंभी डच न्यायशास्त्रज्ञ बिंकर्सहूक याने तत्त्व मांडले की किनाऱ्यावरच्या शस्त्राचा पल्ला जिथे संपतो, तिथे राज्याची सत्ता संपते. १७८२ मध्ये इटालियन विद्वान गालियानी याने त्यासाठी तीन सागरी मैलांचे ठरीव माप सुचवले. आजच्या हिशेबाने सुमारे साडेपाच किलोमीटर. तीन मैलांची ही हद्द विसाव्या शतकापर्यंत अनेक राष्ट्रांनी मानली. तिच्यात निदान एक सोय होती. किनारा दिसतो आहे तोवर आपण कोणाच्या तरी हद्दीत आहोत, हे खलाशाला उमजे.

९/२२
स्वतंत्र भारताने १९५६ मध्ये आपला प्रादेशिक समुद्र सहा सागरी मैलांपर्यंत आणि १९६७ मध्ये बारा मैलांपर्यंत नेला. १९७६ च्या कायद्याने दोनशे मैलांचे अनन्य आर्थिक क्षेत्र आले. १९८२ चा संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याविषयीचा करार १९९४ मध्ये अमलात आला. या सर्व रेषा आरमारासाठी, व्यापारी जहाजांसाठी आणि परराष्ट्र खात्यांसाठी होत्या. त्या सागरी तक्त्यांवर छापल्या जात आणि तक्ते वाचण्यासाठी प्रशिक्षण लागे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७९ मध्ये अलेक्झांडर डालरिंपल याला आपला जलसर्वेक्षक नेमले तेव्हापासून या तक्त्यांचा वाचक जहाजाचा कप्तान होता. छोट्या होडीचा मालक त्या वाचकांत कधीच नव्हता.

१०/२२
छोट्या होडीवाल्याकडे सीमा मोजण्याची स्वतःची साधने होती. एक म्हणजे वाव. दोरीला वजन बांधून पाण्यात सोडायचे आणि पसरलेल्या दोन्ही हातांच्या मापाने खोली मोजायची. दुसरे म्हणजे खुणा. देवळाचा कळस आणि मागच्या डोंगराचे टोक एका ओळीत आले की जागा ओळखायची. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली यांत्रिक ट्रॉलरना किनाऱ्यालगतचे पाणी वर्ज्य करताना पाच आणि दहा वाव खोलीची मर्यादा वापरली गेली. पालन किती झाले हा वेगळा प्रश्न, पण ती सीमा मच्छीमाराला आपल्या दोरीने तपासता येत होती.

११/२२
१९८७ च्या अभयारण्याची सीमा तशी नव्हती. तिचे जे वर्णन वारंवार उद्धृत होते ते असे: ईशान्येस मालवण बंदराजवळ किनाऱ्यापासून ५० मीटरवर, पूर्वेस अर्धवर्तुळाकार वाळूच्या किनाऱ्याला समांतर ५०० मीटरवर, दक्षिणेस आणि पश्चिमेस विशिष्ट खडकांजवळ. कागदावर हे पुरेसे वाटते. आता होडीत बसून विचार करावा. ५०० मीटर मोजायचे ते भरतीच्या रेषेपासून की ओहोटीच्या? पावसाळ्यानंतर वाळू सरकली तर सीमाही सरकते का? खडकाजवळ म्हणजे किती जवळ?

१२/२२
प्रश्न किती गंभीर आहे हे साध्या गणिताने कळते. ३.१८२ चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र चौरस कल्पिले तर त्याची बाजू सुमारे १.८ किलोमीटर भरते. अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे १.८५२ किलोमीटर. म्हणजे कोणी अक्षांश-रेखांश पूर्ण मिनिटापर्यंत गोल करून लिहिले, तर जवळपास ९०० मीटरपर्यंत चूक होऊ शकते, संपूर्ण गाभा क्षेत्राच्या अर्ध्या रुंदीएवढी. रेषेच्या एका बाजूला कायदेशीर मासेमारी आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा असेल, तेव्हा ही चूक कोणाच्या तरी जाळ्यावर, होडीवर आणि त्या दिवसाच्या कमाईवर पडते.

१३/२२
कायद्याने हा धडा काही अंशी घेतला. १९९१ च्या दुरुस्तीने कलम २६-अ आले. अभयारण्यात प्रादेशिक समुद्राचा भाग घ्यायचा असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती घ्यावी, हद्द मुख्य नौदल जलसर्वेक्षकाच्या सल्ल्याने ठरवावी आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हितांच्या रक्षणासाठी पुरेशी उपाययोजना करावी, असे त्यात म्हटले आहे. जलसर्वेक्षक आणि मच्छीमार एकाच तरतुदीत आले ही महत्त्वाची घटना होती. मालवणची अधिसूचना मात्र त्याच्या चार वर्षे आधीची. तिथल्या मच्छीमारांचा अभयारण्याला दीर्घकाळ विरोध राहिला आहे. रापण ओढणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने प्रश्न प्रवाळाशी वैराचा नसून आपल्या पाण्यावरच्या हक्काचा आहे.

१४/२२
याच प्रश्नावर ऑस्ट्रेलियाने वेगळे उत्तर शोधले. तिथला ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यान कायदा १९७५ चा. उद्यानाचे क्षेत्र सुमारे ३ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर. १ जुलै २००४ पासून नवी विभागरचना लागू झाली आणि मासेमारी पूर्ण बंद असलेला भाग पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे ३३ टक्क्यांवर गेला. त्याचबरोबर सीमा सांगण्याची रीत बदलली. पूर्वी काही सीमा प्रवाळाच्या कडेपासून अमुक अंतरावर अशा सांगितल्या जात. आता खोल समुद्रातल्या सीमा शक्यतो सरळ रेषांच्या झाल्या आणि त्यांच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश जाहीर झाले. विभागांचे नकाशे मासेमारीचे सामान विकणाऱ्या दुकानांतूनही मोफत वाटले गेले.

१५/२२
योगायोग असा की त्याच वर्षी, ऑगस्ट २००४ मध्ये, ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट याने ओपनस्ट्रीटमॅपची सुरुवात केली. तिथल्या सरकारी सर्वेक्षण संस्थेचे नकाशे उत्तम होते, पण ते वापरायला पैसे आणि परवाना लागे. मग लोकांनीच जीपीएस घेऊन रस्ते फिरून नकाशा काढावा आणि तो सर्वांना खुला ठेवावा, ही कल्पना पुढे आली. २०१० च्या हैती भूकंपानंतर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. तेव्हापासून हा नकाशा हौशी लोकांचा छंद एवढाच उरला नाही.

१६/२२
भारतात नकाशा हा दीर्घकाळ सरकारचा प्रांत होता. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे किनारी आणि सीमाभागातले अनेक नकाशे सामान्य माणसासाठी निर्बंधित होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे आणि खुल्या वापराचे नकाशे वेगळे केले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशे बनवण्यावरची पूर्वपरवानगीची बहुतेक बंधने काढली. म्हणजे किनाऱ्यावरच्या माणसाने आपल्या समुद्राचा तपशीलवार नकाशा उघडपणे काढावा, ही शक्यता इतिहासाच्या मापाने अगदी ताजी आहे.

१७/२२
ओपनस्ट्रीटमॅपमध्ये सागरी संरक्षित क्षेत्र नोंदवण्याची रीत समजण्यासारखी आहे. प्रत्येक कोपरा हा एक बिंदू. बिंदू जोडून रेषा होते. रेषा बंद झाली की क्षेत्र होते. मोठ्या सीमेत अनेक रेषा एका संबंधात गुंफल्या जातात. त्यावर ‘सीमा: संरक्षित क्षेत्र’ अशी खूण, संरक्षणाचा प्रकार, घोषणेचा दिनांक आणि माहितीचा स्रोत लिहितात. समुद्रातून जाणाऱ्या भागाला ‘सागरी’ अशी वेगळी खूण देता येते. किनाऱ्याची रेषा काढण्याचाही दंडक आहे: रेषेच्या दिशेने पाहिले असता जमीन डावीकडे, पाणी उजवीकडे.

१८/२२
इथे या नकाशाच्या मूळ तत्त्वाशी समुद्राची गाठ पडते. ओपनस्ट्रीटमॅपचा दंडक असा की जे जागेवर जाऊन पडताळता येईल ते नोंदवावे. वडाचे झाड आहे की नाही हे कोणीही जाऊन पाहील. पाण्यातली कायदेशीर रेषा पाहायला होडीतून गेले तर लाटांखेरीज काही दिसणार नाही. म्हणून प्रशासकीय आणि सागरी सीमांना व्यवहारात अपवाद मानले जाते. तिथे पडताळणी होते ती अधिसूचनेच्या मजकुराशी. नकाशाकाराला अशा वेळी सर्वेक्षकाचे काम सोडून इतिहासकाराचे काम करावे लागते: मूळ दस्तऐवज गाठणे, तो वाचणे आणि त्याला जेवढे म्हणायचे आहे तेवढेच नोंदवणे.

१९/२२
सोपा मार्ग मोह पाडतो. जगभरच्या संरक्षित क्षेत्रांचा एक मोठा माहितीसाठा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी संलग्न केंद्र सांभाळते आणि तो पाहायला सर्वांना खुला आहे. पण परवानगीशिवाय त्याचा व्यापारी वापर किंवा पुनर्वितरण करता येत नाही. ओपनस्ट्रीटमॅपचा २०१२ पासूनचा परवाना मात्र व्यापारी वापरालाही मुभा देतो. दोन अटी जुळत नाहीत, म्हणून तिथली रेषा उचलून इथे ठेवता येत नाही. भारतीय राजपत्राचा मार्ग त्यामानाने मोकळा आहे. विधिमंडळाचे अधिनियम वगळता राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर पुन्हा छापण्यास १९५७ चा स्वामित्वहक्क कायदा आडकाठी करीत नाही.

२०/२२
राजपत्र मिळाले तरी काम संपत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांतील अक्षांश-रेखांश एव्हरेस्टच्या १८३० च्या गोलाभावर बेतलेले आहेत. भ्रमणध्वनीतील जीपीएस १९८४ च्या जागतिक पद्धतीने चालते. रूपांतर न करता आकडे तसेच उतरवले तर रेषा जागेवरून सरकते. जिथे अधिसूचना शब्दांतच बोलते, तिथे अंदाजाने काढलेली रेषा अंदाज म्हणूनच नोंदवली पाहिजे. ठळक आणि गुळगुळीत रेषा पाहणाऱ्याच्या मनात नसलेली खात्री निर्माण करते. खुल्या नकाशातली सीमा हा कायदेशीर पुरावा नसतो, हेही सांगितले गेले पाहिजे.

२१/२२
अशी रेषा मच्छीमाराच्या विरोधातच वापरली जाईल ही भीती अनाठायी नाही. दंड करणाऱ्याच्या हातात ती असतेच. प्रश्न एवढाच की दंड भरणाऱ्याच्या हातात ती असावी की नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी काही ॲप्स नकाशा आधीच उतरवून ठेवतात, त्यामुळे भर समुद्रात रेंज नसतानाही तो उघडतो. आपण कुठे आहोत आणि हद्द कुठे आहे, हे दोन्ही एकाच पडद्यावर दिसते. शिवाय रेषा उघड झाली की तिच्यावर हरकत घेता येते. खडकाचे नाव चुकले, रापणीची जागा आत गेली, हे बोट ठेवून दाखवता येते. न दिसणाऱ्या रेषेशी वाद घालता येत नाही.

२२/२२
विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर समुद्राखाली प्रवाळांचे एक विस्तीर्ण पठार आहे, आंग्रिया बँक. दस्तक देणाऱ्या कान्होजींचेच ते नाव. बारा मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर असलेल्या या पठाराच्या संरक्षणाची चर्चा झालेली आहे. उत्साही नकाशाकाराला तिथे हिरवी सीमा काढावीशी वाटेल. ती काढू नये. पठार आहे, त्याची नोंद करावी. संरक्षणाची हद्द अधिकृतपणे जाहीर होईल त्या दिवशी ती काढावी. आणि त्या दिवशी अधिसूचनेसोबत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश खुलेपणाने मिळावेत, अशी मागणी आजपासून करायला हरकत नाही. कार्ताझच्या काळात सीमा ओलांडल्यावर कळत असे. ती आधी कळावी, एवढे साधण्याची साधने आता किनाऱ्यावरच्या लोकांकडेही आहेत.

(समाप्त)